लकव्यानंतर सासरे बसताना डावीकडे कलतात, सरळ करायला गेलं की उलट ढकलतात. काय करावं?

कोयनाकाठ:

नमस्कार मंडळी. कराडजवळच्या गावातून लिहितेय. आमच्या अण्णांना (सासरे, वय ६८) गौरी-गणपतीच्या तोंडावर लकव्याचा झटका आला. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी, म्हणून डावा हात आणि डावा पाय गेला. बोलणं शाबूत आहे, माणसं ओळखतात, वाणसामानाचा हिशेब आजही माझ्यापेक्षा पक्का. आता घरी आणलंय.

अडचण बसण्याची आहे. दिवाणाच्या कडेला पाय सोडून बसवलं की डावीकडे कलतात. ती बाजू लुळी आहे, त्यामुळे ते समजू शकते. पण ते उजवा हात गादीत रोवून स्वतःच स्वतःला डावीकडे ढकलतात! मी आणि नवरा मिळून उजवीकडे आणायला गेलो की ओरडतात, "पाडताय का मला?" आम्ही जेवढा जोर लावू तेवढा ते उलटा लावतात. शेवटी दोघंही घामाघूम, आणि अण्णा आडवे.

नवरा म्हणतो हट्टीपणा आहे, जन्मभर असेच होते. सासूबाई म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे, उतारा टाका. फिजिओचा मुलगा आठवड्यातून दोनदा येतो, मनापासून करतो, पण हातापायांचे व्यायाम घेतो. बसण्याचं विचारलं की म्हणतो, "ताकद आली की होईल." मला हे ताकदीचं वाटत नाही. उजव्या हातात ताकद नको तेवढी आहे!

जेवण भरवताना मान तिरकी होते, कमोडच्या खुर्चीवर एकटीला धरवत नाही. डाव्या बाजूला उशा रचाव्यात का? पट्ट्याने बांधून ठेवतात म्हणे, तसं करावं का? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

माणदेशी_गडी:

ताई, आमच्या आजोबांना डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना लोड लावायचो आणि खुर्चीच्या पाठीला उपरण्याने छातीपाशी बांधायचो. बसून राहायचे. रोज तिळाच्या तेलाने मालिशही करा. धीर सोडू नका.

मिरजेची_फिजिओ:

गडीभाऊ, तुमची तळमळ कळते, पण छातीला बांधणं नको. माणूस खुर्चीत खाली घसरला की तोच पट्टा गळ्याशी येतो. बांधायचंच झालं तर मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडाखालून तिरका जाणारा पट्टा असतो, तोही चाकाच्या खुर्चीत आणि कुणीतरी समोर असताना. मालिश करा, अण्णांना बरं वाटेल. तोल त्याने येणार नाही.

आता कोयनाकाठ ताई, तुम्ही इतकं नेमकं लिहिलंय की मला अर्धा अंदाज आलाच. घरोघरी जाऊन लकव्याचे रुग्ण बघणं हेच माझं काम, आणि "हट्टी" म्हणून ज्यांची ओळख करून दिली जाते त्यातले बरेचसे हट्टी नसतात. आधी एक गोष्ट तपासा.

अण्णांना टणक जागेवर बसवा, तळवे जमिनीला टेकलेले. तुम्ही मागे किंवा उजवीकडे, नवरा डावीकडे समोर, हात तयारीत पण अंगाला न लावता. आता फक्त उजवा हात बघा. ज्याचं अंग नुसतं अशक्त असतं तो कलला की चांगल्या हाताने काहीतरी पकडतो आणि स्वतःला चांगल्या बाजूकडे ओढतो. अण्णांचं उलटं आहे का? कोपर ताठ, बोटं फाकलेली, तळवा गादीत दाबलेला, उजवा पायही जमिनीला रेटा देतोय, आणि हळूच उजवीकडे आणलं की अंग आडमुठं होतं? तसं असेल तर याला आमच्यात पुशिंग म्हणतात. पॅट्रिशिया डेव्हिस नावाच्या फिजिओथेरपिस्टने १९८५ मध्ये याचं नीट वर्णन केलं, म्हणजे तुमच्या अण्णांचा हा काही जगावेगळा हट्ट नाही. उतारा टाकायचा तर टाका, लिंबू-नारळाने कुणाचं नुकसान होत नाही, पण हे मेंदूचं आहे.

होतं काय, तर आपण सरळ आहोत की तिरके हे अंगाला आतून कळत असतं. डोळे मिटूनही तुम्हाला ते कळतं. त्या जाणिवेचा मेंदूतला भाग दुखावला की अंगाची उभी रेष चुकते. त्यामुळे तुम्ही त्यांना सरळ करता तेव्हा त्यांना खरोखर वाटतं की आपण पडतोय. म्हणून ते ओरडतात, म्हणून उलटा जोर लावतात. पडणारा माणूस दुसरं काय करेल? आणि म्हणूनच डावीकडून ढकलणं सगळ्यात वाईट. तुमचा धक्का त्यांना धोक्यासारखा वाटतो. डावीकडे रचलेल्या उशांचंही तेच: ढकलायला त्यांना आयता टेकू मिळतो, आणि ते आणखी रेटतात.

पण एक फार उपयोगाची गोष्ट आहे. अशा बऱ्याच रुग्णांचे डोळे त्यांना खरं सांगतात. दाराची चौकट उभी आहे की तिरकी, हे त्यांना बरोबर दिसतं. जर्मनीत हान्स-ओटो कार्नाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवून दिलं आणि उपचाराची पद्धतच त्यावर बांधली. आधी रुग्णाला स्वतःच्या डोळ्यांनी कळू द्यायचं की अंग खोटं बोलतंय. मग आजूबाजूच्या उभ्या वस्तू बघून सरळ कसं व्हायचं ते त्यानेच शोधायचं. मग सरळ राहून दुसरं काम करायचं. यात कुठेही तुम्ही ढकलायचं नाही, त्यांनी यायचं.

घरी करायचं ते असं. गादी काढा. मऊ गादीत कुल्ले रुततात आणि ज्या बाजूला वजन ती बाजू आणखी खोल जाते. फळीचा दिवाण, वर जाडसर सतरंजी किंवा घोंगडी, बस. उंची अशी की गुडघे कमरेच्या पातळीला किंवा किंचित खाली राहतील आणि दोन्ही टाचा टेकतील. अण्णा बुटके असतील तर पायाखाली पाट, पण दोन्ही पाय मावतील एवढा रुंद. एकच पाय पाटावर आणि दुसरा लोंबकळतोय, असं मी इतक्या घरांत बघितलंय की आता दारातून आत शिरतानाच माझी नजर आधी पायांकडे जाते.

डावा पाय बाहेर फाकू देऊ नका, तळवा सपाट ठेवा. डावा हात कधीही लोंबता नको. मांडीवर उशी ठेवून कोपरापासून पंजापर्यंत त्यावर टेकवा. लुळ्या हाताचं वजन खांद्याचा सांधा खाली ओढतं आणि मग खांदा महिनोन्महिने ठणकतो. उठवताना काखेत हात घालून किंवा तो हात धरून ओढणं तर अजिबात नाही. पाहुण्यांनाही सांगा. पाहुणेच जास्त ओढतात.

मग तुम्ही अण्णांच्या उजव्या बाजूला, खेटून नाही, वीतभर अंतर ठेवून बसा. सगळे नातेवाईक डावीकडे बसतात, कारण पेशंट तिकडे पडतो. नवऱ्याने डावीकडे समोर बसून राखण करायची, हात न लावता. तुम्ही म्हणायचं, "अण्णा, माझ्या खांद्याला खांदा लावा." ढकलायचं नाही, वाट बघायची. पहिल्यांदा दोन बोटं सरकतील. खांदा लागला की, "आता समोरची चौकट बघा. ती सरळ आहे. तुम्ही?" उत्तर काहीही येवो, वाद घालू नका. ज्या हाताने ते ढकलतात त्या हाताला काम द्या, म्हणजे तो गादीवरून सुटेल: तळवा वर करून मांडीवर ठेवायला सांगा, किंवा उजवीकडे स्टूल ठेवून त्यावर कोपर टेकवा.

एका वेळी पाच-दहा मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. थकले की अंग पुन्हा जुन्या वाटेला जातं, तेव्हा ताणू नका. झोपेतून एकदम बसवायचं नाही. आधी पाठीमागे उंच करून थोडा वेळ, मग पाय खाली. चक्कर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी असं म्हणाले तर आडवं करा आणि रक्तदाब बघा. आणि हे सगळं तुमच्या फिजिओच्या मुलाला वाचून दाखवा. त्याला राग येणार नाही. आला तर माझं नाव सांगा.

लालपरी_निवृत्त:

मॅडम, तुम्ही आत शिरून बघितल्यासारखं लिहिलंय. मी एस.टी.त कंडक्टर होतो, सांगोला डेपो. चालत्या गाडीत दोन्ही हात सोडून तिकिटं फाडण्यात आयुष्य गेलं, म्हणजे तोल हा माझ्या पोटापाण्याचा धंदा. मलाही मेंदूच्या उजव्या बाजूचाच अटॅक आला होता.

ताई, अण्णांना काय होतंय ते सांगतो. मला सरळ बसवायचे तेव्हा घाटातल्या वळणावर गाडीची चाकं एका बाजूने उचलल्यासारखं वाटायचं. समोर मुलगा, माझाच मुलगा, आणि मला वाटायचं हा मला दरीत ढकलतोय. मी त्याला शिव्या दिल्यात. शरमेची गोष्ट आहे, पण त्या वेळी ती भीती अस्सल होती. "तुम्ही सरळ आहात" असं दहा माणसांनी सांगितलं तरी पटत नव्हतं. पटलं ते खिडकीच्या गजांमुळे. बायको म्हणाली, गज वाकडे बसवलेत का? मी म्हटलं, नाही. मग म्हणाली, तुमचं नाक कुठल्या गजासमोर आहे? दोन गज डावीकडे होतं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की चूक माझ्या अंगात आहे.

दुसरं, मला उजवीकडे ठेवलेल्या डब्यातून चिल्लर काढायला लावायचे आणि मोजून परत टाकायला. माझ्या हाताला ते येतच होतं. व्यायाम म्हटलं असतं तर मी केला नसता. तुमच्या अण्णांचा धंदा काय होता?

कोयनाकाठ:

सगळ्यांचे आभार, खरंच. काल रात्री नवऱ्याला हे मोठ्याने वाचून दाखवलं. लालपरी काकांचं वाचून तो उठून बाहेर अंगणात गेला, बराच वेळ आला नाही.

आज सकाळी तपासलं. हुबेहूब तेच आहे. कोपर ताठ, बोटं फाकलेली, उजवा पायसुद्धा रेटा देतो.

काका, अण्णा गवंडी होते. आमच्या पंचक्रोशीतली निम्मी घरं त्यांच्या हातची. आणि विनोद असा की घरात कुणी भिंतीवर कॅलेंडर तिरकं लावलं तर आजही झोपल्याजागी दिसतं त्यांना, "ते सरळ कर आधी" म्हणतात.

मॅडम, तीन गोष्टी विचारते. आरसा समोर ठेवू का? जेवताना काय काळजी घ्यायची, मधेच ठसका लागतो. आणि कमोडच्या खुर्चीचं काय करू? तिथे तर हाताला दांडा मिळतो, त्याला धरून आणखीच ढकलतात. शेवटचं, हे जाणार का?

मिरजेची_फिजिओ:

गवंडी! अहो ताई, मग आरसा कशाला हवा? घरात ओळंबा असेलच. चौकटीच्या वरच्या खिळ्याला टांगा, अण्णांच्या बरोबर समोर, पण हात किंवा डोकं लागणार नाही इतका लांब. वारा नसलेली जागा बघा, हलता ओळंबा बघून त्यांनाच वैताग येईल. भिंत ओळंब्यात आहे का हे ज्याने जन्मभर तपासलं, त्याला "सरळ बसा" असं मी काय शिकवणार? त्यांना विचारा, "अण्णा, हनुवटी, गुंडी आणि बेंबी दोरीत आहेत का?" सदऱ्याच्या गुंड्यांची पट्टी हीच त्यांची दुसरी रेष. पांढऱ्या सदऱ्यावर बटणपट्टीवरून रंगीत दोरा टाचलात तर आणखी ठळक दिसेल.

आरशाबद्दल: काहींना चालतो, काहींचा त्यात डावं-उजवं असा गोंधळ उडतो. उजव्या मेंदूला मार लागला की डाव्या बाजूकडे लक्षच न जाण्याचाही त्रास असतो. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते का बघा. राहत असेल तर फिजिओच्या मुलाला आणि डॉक्टरांना सांगा, आणि आरसा सध्या राहू द्या.

जेवण. ठसका लागतो हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, माझ्या दृष्टीने तेच सगळ्यात तातडीचं आहे. तिरक्या मानेने घास गेला की श्वासनलिकेकडे वळण्याची भीती असते, त्यातून छातीत संसर्ग होतो. आधी बैठक नीट, मग ताट. त्या वेळी व्यायाम करायचा नाही, पाठीला पूर्ण टेकू, दोन्ही कोपरं टेबलावर, हनुवटी किंचित खाली. लहान घास, एक गिळल्यावरच दुसरा. डाव्या गालात अन्न साठून राहतं, शेवटी बोटाने किंवा चूळ भरून साफ करा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. पाणी पिताना खोकला येतो का, प्यायल्यावर आवाज घोगरा, ओला होतो का? होत असेल तर गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडे न्यायला डॉक्टरांना चिठ्ठी मागा. हे पुढच्या आठवड्यावर टाकू नका.

कमोडची खुर्ची अशी लावा की अण्णांची उजवी बाजू भिंतीला येईल. "खांदा भिंतीला लावा" एवढंच सांगायचं. उजवा दांडा निघणारा असेल तर काढून ठेवा, नसेल तर हात दांड्यावर न देता मांडीवर ठेवायला सांगा. पायाखाली पाट. पाय लोंबकळत असतील तर कोणीच सरळ बसत नाही, तुम्ही आम्हीसुद्धा. आणि सध्या दोन माणसं. एकटीने धरून तुमची कंबर गेली तर घर कोण बघणार?

हाताला काम द्यायचं ते लालपरी काकांनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंय. हात पोहोचतो तेवढंच नको, त्याच्या थोडं पलीकडे ठेवा, म्हणजे कुल्ल्यावरचं वजन सरकून उजवीकडे यावं लागेल आणि उजव्या पायावर भार येईल. ऑस्ट्रेलियात कॅथरीन डीन आणि रॉबर्टा शेफर्ड यांनी लकव्याला वर्ष उलटलेल्या २० जणांवर हेच करून बघितलं, १९९७ मध्ये छापून आलं: बसून, हाताच्या टप्प्यापलीकडच्या वस्तूंकडे झेपावण्याचा सराव, दोन आठवडे. ज्यांनी तो केला ते आधीपेक्षा लांब आणि लवकर पोहोचायला लागले. तुमच्याकडे मोठं घमेलं असेल. त्यात सुपाऱ्या, लाकडी ठोकळे, थापी, रंधा, जे त्यांच्या हातातलं असेल ते. तंबाखूची चंची मात्र नाही. ती माळ्यावर, सासूबाईंनासुद्धा पोहोचणार नाही अशी.

पण क्रम सोडू नका. आधी ओळंब्यात स्थिर, मग झेपावणं. तोल नसताना झेपावायला लावलं तर पुन्हा ढकलणं सुरू होईल. मी बसण्याचा पहिला टप्पा पार झाला असं तेव्हा म्हणते जेव्हा पाठीला टेकू नाही, हात मांडीवर, पाय टेकलेले, आणि माणूस दोन मिनिटं बसून गप्पा मारतो. तोल मोजायच्या बर्गच्या चाचणीतही बसण्याची कसोटी हीच, दोन मिनिटं. ऐकायला किरकोळ वाटते.

जाणार का? बहुतेक जातं. सहा महिन्यांनंतर हे ढकलणं क्वचितच उरतं. कोपनहेगनच्या १९९६च्या अभ्यासात असं दिसलं की ढकलणाऱ्या रुग्णांना इतरांपेक्षा साडेतीन-पावणेचार आठवडे जास्त लागले, पण पोहोचले त्याच ठिकाणी. म्हणजे शेजारच्या आळीतला कुणी लवकर चालायला लागला म्हणून अण्णांची त्याच्याशी तुलना करू नका. लुळा हात-पाय किती परत येईल हा वेगळा प्रश्न, तो इथे बसून मी सांगणार नाही.

एक ताकीद: जे कलणं आहे ते अचानक वाढलं, जोरात डोकं दुखलं, बोबडं बोलायला लागले किंवा गुंगी आली, तर ओळंबा-बिळंबा सोडा, १०८ लावा.

माणदेशी_गडी:

मॅडम, पट्ट्याचं समजलं. एक विचारू का? आमच्या गावात एकाकडे वापरलेली चाकाची खुर्ची पडून आहे, ती ताईंना पाठवली तर चालेल का? फुकट आहे.

मिरजेची_फिजिओ:

चालेल, पण मोजून. फुकटच्या खुर्च्या बहुतेक वेळा फार रुंद असतात, आणि रुंद खुर्चीत ढकलणारा माणूस हमखास डाव्या कोपऱ्यात जातो. अण्णांच्या कुल्ल्यांच्या रुंदीपेक्षा बैठक साधारण दोन इंच मोठी, त्यापेक्षा जास्त नको. गुडघ्याच्या मागे बैठकीची कड लागू नये, दोन-तीन बोटं जागा हवी. बैठकीचं रेक्झिन मधे झोळीसारखं लोंबलं असेल तर त्यावर मापाची प्लायवुडची फळी टाका, वर फोमची गादी. पाय ठेवायच्या पट्ट्या दोन्ही एका उंचीला. ब्रेक लागतात का बघा, हे लोक शेवटी बघतात.

कोयनाकाठ:

गडीभाऊ, खुर्ची नक्की बघतो, नवरा फोन करेल.

ओळंबा टांगला. अण्णांनी आधी दोरीला गाठ चुकीची मारलीय म्हणून नवऱ्याला झापलं. मग बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "चौकट पण पाव सूत गेलीय." मॅडम, ते स्वतः उजवीकडे आले, थोडे, पुन्हा गेले. पण आज ओरडले नाहीत.

अजून एक. दसऱ्याला सगळे खाली पाटावर बसून जेवतात, अण्णांना पण बसायचंय. बसवू का? आणि फोटो टाकला तर तुम्ही बघून सांगाल का?

मिरजेची_फिजिओ:

पाटावर या दसऱ्याला नाही. मांडी घातली की कंबर मागे पडते, पाठीला कुबड येतं, आणि खाली बसलेल्या अण्णांना उठवताना तुम्ही त्यांचा डावा हात ओढणार, हे मला इथूनच दिसतंय. त्यापेक्षा सगळ्या घराने टेबलाशी किंवा दिवाणाभोवती स्टुलावर बसा. एक दिवस पंगत वर आणायची.

फोटो टाका. अगदी समोरून काढा, बाजूने काढलेल्या फोटोत कलणं कळत नाही, आणि मोबाईल स्वतः तिरका धरू नका. अण्णांचा चेहरा झाका. पाय मात्र दिसले पाहिजेत, दोन्ही.